शिवलेला डबा

कुवेत, ता. १९ मे १९५७

चि. सौ. जमुना हिला जयदेवदादाचा आशीर्वाद.

हे पत्र मालतीबाई तुला वाचून दाखवतील असं धरून लिहितो. मास्तरांच्या घरी सवड कधी असते ते विचारून जा, त्यांच्या स्वयंपाकाच्या वेळेला जाऊ नकोस.

आम्ही दोघे सुखरूप पोचलो. बोटीत धर्माला काही झालं नाही, मलाच उलट्या झाल्या. तुझा नवरा आठ दिवस मला हसत होता. "सात बुकं शिकला, पन पानी बघून पोट सुटतंय," असं साऱ्या बोटीला सांगत फिरला.

आमची वस्ती समुद्रापासून अर्ध्या मैलावर आहे. भोवती तारेचं कुंपण, आत पत्र्याच्या लांब खोल्या, एकेका खोलीत सोळा माणसं. झाड एकही नाही. काम पहाटे साडेपाचला सुरू होतं, अकराला बंद. पुढे चार वाजेपर्यंत बाहेर पडायची मनाई आहे. नऊनंतर उघड्या हाताने लोखंड धरवत नाही. दारावर गोणपाट भिजवून टांगतो, ते अर्ध्या तासात कडक होतं. घाम येतो पण दिसत नाही, अंगावर नुसतं मीठ राहतं. धर्मा म्हणतो, मिठागरावर एवढी माणसं कशाला लावतात, मला एकट्याला उन्हात उभा करा आणि संध्याकाळी खरवडून घ्या.

किडे फार आहेत. खाटेचे पाय रॉकेलच्या डब्यांत ठेवावे लागतात. वाळूत एक बारीक माशी असते, ती चावली की जखम महिनोन् महिने भरत नाही. एक कोळी तळहाताएवढा असतो, तो माणसाच्या सावलीत शिरायला धावतो, म्हणून माणूस जिकडे पळेल तिकडे येतो. आणि विंचू. काळे, जाड शेपटीचे. ते थंड जागा शोधतात आणि इथे थंड जागा म्हणजे बूट. कंपनीने सगळ्यांना बूट दिले आहेत. ते घालण्याआधी उलटे करून आपटायचे, असा हुकूम आहे.

धर्माचे पाय जन्मभर चिखलात गेलेले, त्याला बूट म्हणजे शिक्षा वाटते. पण हुकूम पाळतो. रोज सकाळी बुटाच्या टाचेवर बोटाने टकटक करतो आणि विचारतो, "पावने, घरान हाव काय?" मग आपटतो. सगळी खोली ते ऐकायला उठून बसते.

एका गोष्टीचं नवल वाटलं. इथलं पाणी आपल्या वेळेवर चालत नाही. आपल्याकडे पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमाराला भरती, ते इथे लागू नाही. धर्माने चार दिवस कुंपणाशी उभं राहून बघितलं आणि म्हणाला, "ह्या दर्याला तिथी कलत नाय."

येसूबाईंना नमस्कार सांग. त्यांचा मुलगा माझ्या नजरेखाली आहे, काळजी करू नका असं सांग.

तुझा,
जयदेवदादा

कुवेत, ता. ३० जून १९५७

चि. सौ. जमुना हिला आशीर्वाद.

तुझा डबा पोचला. बेलापूरच्या शिवाने जपून आणला. कापडात घालून चारी बाजूंनी शिवून दिलास ते चांगलं केलंस, नाहीतर बोटीत कोणी ना कोणी उघडला असता. आम्ही वास घेऊनच ओळखलं की आत सुक्या कोळंबीचे सोडे आहेत. मी म्हटलं उघडूया, आजच कालवण करू. धर्माने दिला नाही. टाक्यांवरून बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "नारली पुनवेला उघडू. दर्याला नारल नाय तर नाय, घरचे सोडे तरी खाऊ." डबा त्याच्या उशाशी आहे.

ऊन आता आणखी वाढलं आहे. गेल्या आठवड्यात एक मद्रासकडचा माणूस दुपारी खोलीतच बेशुद्ध पडला. मिठाच्या गोळ्या देतात, त्या पाण्याबरोबर घ्याव्या लागतात. रात्री पत्रा तापलेलाच असतो. चादर भिजवून अंगावर घेतो.

माझं काम बदललं आहे. मला थोडं इंग्रजी वाचता येतं म्हणून हजेरीच्या खोलीत बसवलं. फाटकाशी लहान खोली आहे. कोण किती वाजता आत आला, बाहेर गेला ते लिहायचं. खोलीत विजेचा पंखा आहे. पहिल्या दिवशी मी त्याच्याखाली बसलो आणि मला रडू आलं, हे कोणाला सांगू नकोस. ओव्हरसियर साहेबाची मर्जी आहे तोवर ही जागा माझी.

साहेबाला ताजी मासळी आवडते. धर्माने फावल्या वेळात सुतळीचा पाग विणला आहे, एकट्याने फेकता येईल एवढं लहान जाळं. बघू.

कंपनीने नवीन सूचना लावली आहे की काहीही चावलं तर लगेच दवाखान्यात जावं, घरगुती इलाज करू नयेत. दवाखाना दोन मैलांवर आहे, कंपनीची लॉरी नेते. ती सूचना सगळ्यांना हिंदीत समजावून सांगायचं काम माझ्याकडे होतं. सांगितलं.

तुझा,
जयदेवदादा

कुवेत, ता. २१ जुलै १९५७

जमुना हिस,

तार मिळाली असेल. धर्मा १३ तारखेला संध्याकाळी गेला.

इथे ऊन फार होतं. त्यात पोट बिघडलं. तू पाठवलेले सोडे त्याने आदल्या दिवशी खाल्ले होते, जरा जास्तच खाल्ले. या हवेत ते टिकले नसावेत. दवाखान्यात नेलं. कंपनीच्या डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. मी शेवटपर्यंत जवळ होतो. इथल्या हिंदू मंडळींनी मिळून समुद्राकाठी अग्नी दिला.

यात कोणाचा दोष नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुला काय माहीत असणार.

त्याचे कपडे आणि चांदीचा करगोटा शिवाबरोबर पाठवतो आहे. येसूबाईंना धीर दे.

जयदेव

कुवेत, ता. ८ मार्च १९५९

जमुना हिस,

मागच्या पाच पत्रांचं उत्तर आलं नाही. लुगडं पाठवलं होतं, ते शिवा परत घेऊन आला. तुझी तब्येत बरी असेल असं धरतो. माझं कंत्राट पुढच्या साली संपतं. इकडे विशेष काही नाही. ऊन आहे.

जयदेव

करावे, ता. ५ फेब्रुवारी १९६१

जमुना हिस,

पत्राच्या डोक्यावर तुझ्या नावाआधी काय लिहावं ते मला जमत नाही. साडेतीन वर्षं नुसतं नाव लिहितो आहे. तुझ्या लक्षात आलं असेल.

मी परत आल्याला आठ महिने झाले. एकदा वाशीला आलो होतो. तू मांडवाखाली मासळी निवडत होतीस. माझ्याकडे पाठ केलीस आणि ती पाठ मी निघेपर्यंत तशीच राहिली. येसूबाईंनी मला चहा दिला. तुला मधे एकदा हाक मारली ती फक्त मांजर हाकलायला.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या मंगळवारी मी पनवेलच्या बाजारात होतो. तू पाटी घेऊन बसली होतीस. मी कासाराच्या दुकानाशी उभा होतो, तुला दिसलो नाही. तुझ्या दोन्ही बाजूंच्या बायकांची सुकी मासळी खपत होती. दोघीजणी तुझ्यापाशी थांबल्या, एकीने सोडे हातात घेतले. दुसरी तिला म्हणाली, "ठेव गं ते. घरच्यालाच पचले नाय, आपल्याला काय पचतील." पहिलीने ते परत टाकले आणि हात लुगड्याला पुसला. तू पडलेले सोडे नीट रचलेस. मी पुढे यायला हवं होतं. आलो नाही. घरी आलो तर तुझी वहिनी पुतळा म्हणाली, बांगड्या कुठायत. मी बांगड्यांसाठी गेलो होतो.

काल शिवाबरोबर येसूबाईंचा निरोप आला. "तुमची भन तुमी न्या. तिच्या हातचा ह्या घरान कोन खात नाय." मला तोवर माहीत नव्हतं की तुला चुलीला हात लावू देत नाहीत.

मी निरोप पाठवला आहे की आणतो. ओटीवरची खोली रिकामी करतो आहे. गावात हे पसरलं आणि लोक मला चांगलं म्हणू लागले. कालच देवजी पाटील चारचौघांत म्हणाले, "भाऊ असावा तर असा." मी खाली बघत राहिलो. त्यांना वाटलं, गुणी माणूस, कौतुक झालं की लाजतो.

जमुना, सोड्यांनी काही झालं नव्हतं. हे मला तुला सांगायचं आहे. ते पत्र मी घाबरून लिहिलं.

झालं ते असं. साहेबाला मासळी हवी होती. त्या सकाळी मी धर्माला फाटकातून बाहेर सोडलं आणि तो पाग घेऊन गुडघाभर पाण्यात गेला. बाहेर आला, बूट घातले आणि चार पावलांवर खाली बसला. पायाला लहानसं भोक होतं, रक्ताचा एक थेंब. मी म्हटलं, शिंगाळी लागली. तुला माहीत आहे, शिंगाळी माशाचा काटा लागला की बाबा काय करायचे. मिठाची गरम पुरचुंडी शेकायची आणि पाणी उतरायची वाट बघायची. भरतीबरोबर कळ चढते, ओहोटीबरोबर उतरते. आपल्या घरात हे असंच चालत आलं. त्या दिवशी आषाढ वद्य द्वितीया होती. मी मोजलं, एक-सव्वाला भरती पुरी होईल, मग कळ उतरेल. म्हणून थांबलो. दुपारनंतर त्याला दवाखान्यात नेलं तेव्हा कंपाउंडर म्हणाला, हा विंचू आहे, उशीर झाला.

माझी चूक झाली, पण ती आपल्या रीतीने झाली. करावेचा कोणीही माणूस असता तर तेच करता.

मालतीबाईंना विनंती की हे पत्र फक्त जमुनाला वाचून दाखवावं. येसूबाईंना कळून आता कोणाचं भलं होणार नाही. तू इकडे ये. इथे तुला कोणी काही बोलणार नाही.

जयदेवदादा

करावे, ता. २६ फेब्रुवारी १९६१

मालतीबाईंना सा. न.

हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही, हाताने आणून दिलं आहे. मला आत बोलावू नका. आधी येसूबाईंना बोलावून घ्या. शेजारच्या धोंडूबाई अंगणात असतील तर त्यांनाही घ्या, म्हणजे उद्या गावाला वेगळं सांगावं लागणार नाही. त्या सगळ्या बसल्या की मगच पुढे वाचा. मधे थांबू नका आणि आवाज कमी करू नका.

जमुना,

तू मालतीबाईंच्या हातून दोन ओळी पाठवल्यास. साडेतीन वर्षांत तुझ्याकडून आलेल्या तेवढ्याच. "दादा, तुझ्या पहिल्या पत्रात लिहिलं आहे की तिथलं पाणी आपल्या वेळेवर चालत नाही. मग तू कुठल्या पाण्याची वाट बघत बसला होतास?"

मला वाटलं नव्हतं की तू ती पत्रं ठेवली असशील. आणि वाटलं नव्हतं की पुन्हा वाचून घेशील. दोन आठवडे मी उत्तर शोधत होतो. उत्तर असं आहे की मी पाण्याची वाट बघत नव्हतो. ओव्हरसियर माझ्या खोलीपासून दूर जाण्याची वाट बघत होतो.

आता क्रमाने सांगतो.

कुंपणाबाहेर समुद्रावर जायला बंदी होती. कामाच्या वेळात तर कोणीच जायचं नाही. शनिवारचा दिवस होता. संध्याकाळी साहेबाकडे पाहुणे येणार होते आणि मी त्याला मासळी देतो म्हणून कबूल केलं होतं. माझ्याकडे कोणी मागितली नव्हती, मीच म्हटलं होतं. माझ्या जागेवर एक पंजाबी मुनशी येणार अशी बोलणी चालली होती आणि मला ती खोली सोडायची नव्हती. धर्मा नको म्हणत होता. म्हणाला, "साहेबाला मासली पायजे तर साहेबानं पान्यान जावा." मी म्हटलं, एकदाच जा, माझ्यासाठी. तो गेला. मी हजेरीत त्याचं नाव कामावर लिहिलं आणि फाटक उघडलं.

थोड्या वेळाने साडेपाचचा, काम सुरू व्हायचा भोंगा झाला. तो अजून पाण्यात होता. मी काठाशी जाऊन ओरडलो, चल लवकर, तुझं नाव चढवून आलोय. तो बाहेर आला. पागात सात-आठ मासे होते, त्यात एक शिंगाळी होती हे खरं. बूट वाळूवर होते. त्याने बुटाच्या टाचेवर बोट ठेवलं आणि हसत माझ्याकडे बघितलं. त्याला ते टकटक करायचं होतं. मी म्हटलं, तुझा तमाशा पुरे, घाल आणि चल. त्याने घातले.

तेव्हा मला शिंगाळीच वाटली. एवढं खरं आहे. त्याला धरून खोलीवर आणला, पुरचुंडी केली, शेकलं. बाकीचे चौदा जण कामावर गेले होते. तोही म्हणाला, जाईल. मग मी मासे ओल्या गोणपाटात गुंडाळून माझ्या खोलीत नेऊन ठेवले आणि पंख्याखाली बसलो.

नऊ वाजता पाणी घेऊन गेलो. त्याचं सगळं अंग घामाने निथळत होतं. तिथे घाम असा दिसत नाही, हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. तोंडातून लाळ येत होती आणि बोटं आपोआप हलत होती. म्हणाला, "जयदेव, ह्या शिंगालीचा नाय. मना किती येला शिंगाली लागली. ह्या दुसरा कायतरी हाय." मग म्हणाला, "माजं बूट झटकून बघ."

बूट खाटेखाली होते. मी ते दाराबाहेर नेले आणि आपटले. डाव्या बुटातून विंचू पडला. अर्धा चिरडलेला होता, पण शेपटी हलत होती. मी त्याच्यावर टाच ठेवली आणि वर वाळू ओढली.

आत आलो. त्याने विचारलं, "काय हाय काय?"

मी म्हटलं, "बघितलं. काय नाय."

जमुना, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. म्हणाला, "मंग शिंगालीच असंल." आणि डोळे मिटले.

मग मी त्याला ओहोटीचं सांगितलं. एक-सव्वाला उतरेल म्हटलं. ते तिथलं पाणी नव्हतं हे मलाही माहीत होतं आणि त्यालाही. पण त्याला बरं वाटलं. करावेच्या खाडीचं नाव ऐकून त्याने मान हलवली. मी ती रीत त्याच्यासाठी वापरली नाही, त्याला गप्प ठेवायला वापरली. आणि मागच्या पत्रात पुन्हा तुझ्यावर वापरली. बाबांचं नाव घेऊन वापरली.

त्याच वेळी लॉरी मागवली असती तर दहा मिनिटांत आली असती. फोन माझ्याच खोलीत होता. पण विचारलं असतं, बूट कुठे होते, वाळूवर का होते, माणूस हजेरीत कामावर आणि पाय ओले कसे. ती सूचना मीच सगळ्यांना वाचून दाखवली होती. माझी जागा गेली असती, कदाचित बोटीने परत पाठवलं असतं. ओव्हरसियर सबंध सकाळ हजेरीच्या खोलीच्या आसपास होता. मी म्हटलं, तो जेवायला गेला की लॉरी बोलवू आणि आत्ताच चावलं असं सांगू. त्याला शेकून आल्यापासून अकरापर्यंत मी पंख्याखाली होतो, फक्त नऊला उठलो. अकराला परत आलेल्या चौदा जणांना मी फाटकाशीच सांगितलं की त्याला शिंगाळी लागली आहे, झोपू द्या. मग ओव्हरसियर गेला तरी मी बसून राहिलो, कारण बाहेर ऊन फार होतं. हे लिहायला मला दोन आठवडे लागले.

एक वाजता गेलो तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं. लॉरी आली. दवाखान्यात कंपाउंडरने विचारलं, कधी चावला. मी म्हटलं, आत्ताच, अर्धा तास झाला. त्याने पायाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. पाच वाजता धर्मा गेला.

मासे त्या संध्याकाळी मी साहेबाकडे पोचवले. गोणपाट ओलं ठेवलं होतं, ते टिकले होते.

कंत्राट संपेपर्यंत ती खोली माझ्याकडेच राहिली. तीन उन्हाळे मी त्या पंख्याखाली काढले.

आता सोड्यांचं. तू त्याबद्दल काही विचारलं नाहीस. साडेतीन वर्षं तू चुलीपासून लांब बसलीस, बाजारात पाटी भरलेली नेलीस आणि भरलेली आणलीस, तरी दोन ओळींत तू फक्त त्याच्याबद्दल विचारलंस. मी मागच्या पत्रात सोड्यांनी काही झालं नव्हतं असं लिहिलं आणि खाली लिहिलं की येसूबाईंना कळू देऊ नका. म्हणजे तू एकटीने निर्दोष व्हायचं, अंधारात, आणि वर माझ्या ओटीवर येऊन राहायचं, म्हणजे मी चांगला भाऊ.

येसूबाई, हे तुमच्यासाठी. सोड्यांचं मी का लिहिलं ते सांगतो. घरून तुम्ही विचारणार, चांगला धडधाकट मुलगा एका दिवसात कसा गेला. मला काहीतरी लिहायला हवं होतं. मी त्याच्या खाटेवर बसून लिहीत होतो. समोर डबा दिसला. दुसरं काही दिसलं असतं तर ते लिहिलं असतं. त्याच्यामागे एवढाच विचार होता. जमुनाच्या हाताने तुमच्या मुलाला काही झालं नाही. माझ्यामुळे झालं. मी तुम्हाला कळवलं होतं की तो माझ्या नजरेखाली आहे.

जमुना, तो डबा त्याने उघडला नव्हता. नारळी पुनव यायला चार आठवडे होते. मी कपडे पाठवले, करगोटा पाठवला, डबा ठेवून घेतला. तो पाठवला असता तर पहिल्याच दिवशी सगळं उघड झालं असतं, तू तुझे टाके ओळखले असतेस. तिथे टाकून द्यावा म्हणून दोनदा समुद्रावर नेला. टाकवला नाही. तीन वर्षं तो माझ्या पेटीत तळाशी होता, इथे आल्यावर माळ्यावर ठेवला. पुतळाने एकदा विचारलं, कशाचा वास येतो. मी म्हटलं, उंदीर मेला असेल.

तुला करावेला ये म्हटलं होतं ते मी मागे घेतो. तुझं घर वाशीला आहे. तिथून तुला कोणी काढावं असं काही तू केलेलं नाहीस. देवजी पाटलांना मी आज सकाळी हे सगळं सांगून आलो आहे. ते उठून आत गेले. पुतळाला काल सांगितलं. तिने माझं अंथरूण ओटीवर टाकलं. ते ठीक आहे.

तुम्ही हे वाचत आहात तेव्हा मी तुमच्या अंगणाबाहेर, मासळी वाळवायच्या मांडवाशी, बसलो असेन. डबा माझ्यापुढे आहे. बोलावलंत तर येईन, जे बोलाल ते ऐकेन. नाही बोलावलंत तर दिवस मावळला की डबा तिथेच ठेवून निघेन.

माझ्यासाठी तो घरात घेऊ नकोस. पण येसूबाईंच्या हातात एकदा दे. कापड जरा पिवळं पडलं आहे, कोपऱ्याला रॉकेलचा डाग आहे. चारी बाजू मिळून अडतीस टाके आहेत, मी मोजले आहेत. त्यांनाही मोजू दे. एकही उसवलेला नाही.

जयदेव